समुद्र दिसणारी जागा

१४ मार्च, शुक्रवार

रक्तदाब १५२ – ९०. गाडीतून उतरल्या उतरल्या घेतला, म्हणून जास्त असेल. आरोग्यकेंद्रातल्या नर्सबाईंनी वही देताना बजावलंय की रोज आकडा लिहायचा, आणि काय खाल्लं, कसं वाटलं तेही. मी चौथीपर्यंत शिकलो. आकडे बरे जमतात. बाकीचं जमेल तसं.

तैपेईत लेकीकडे आलो. आ-छिंग स्टेशनावर घ्यायला आली होती. डोक्यावर विणलेली टोपी. इकडे तशी थंडी नाही.

"केस कुठे गेले?" मी विचारलं.

"कापले बाबा. बारीकच ठेवतात आता."

सेहेचाळीस वर्षांच्या बाईने कुणाचं बघून केस कापावेत? पण बोललो नाही. आल्या आल्या नको.

कालवांचा डबा बर्फात घालून मांडीवर धरून आणला होता. परवाच्या ओहोटीची कालवं, मी स्वतः बैलगाडी घेऊन समुद्रात गेलो आणि काढली. तिने झाकण उघडलं आणि तोंड बाजूला केलं. म्हणाली, "गावचा वास." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शहरात राहून नाक नाजूक झालंय.

तिच्याबरोबर य्वेशा नावाची बाई राहते. दोघी एकाच चष्म्याच्या दुकानात काम करतात. बाई जाड, बोलकी. मला काका म्हणते. कालवं घालून भाताची पेज तिनेच केली, आणि आम्ही दोघांनीच खाल्ली. मी दोन वाडगे खाल्ले. आ-छिंग म्हणाली, दुपारी उशिरा जेवले होते.

झोप येत नाही. दर वर्षी नव्या वर्षाला ती गावी येते, या वर्षी आली नाही. आणि आता एकदम फोनवर फोन, बाबा या, तैपेई बघून जा. माझा मुलगा आ-पिन, तो तर मी हो म्हणायच्या आधीच माझी बॅग भरून बसला. सूनबाईने नवे मोजे आणले. मला कुणी उगाच नवे मोजे देत नाही.

म्हाताऱ्या खुनच्या बाबतीतही पोरांनी असंच केलं होतं. आमच्या दोन घरं पलीकडचा. यकृताचा रोग होता, पण आमच्याकडे रोग्याला रोग सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. त्याला सांगितलं गॅस आहे. मुलांनी जपानला नेलं, बर्फ दाखवला, खेकडे खाऊ घातले. परत आला तेव्हा सगळ्या गावाला फोटो दाखवत फिरला. पुढच्या हंगामात आम्ही त्याला पुरलं.

१५ मार्च, शनिवार

रक्तदाब १४८.

सकाळी सोयाचं गरम दूध आणि तळलेली लांब पोळी. गावात मिळते तीच, पण इथे रांग लावून घेतात. आ-छिंगने अर्धा पेला दूध घेतलं. मी म्हटलं, एवढ्याने काय होणार, तर म्हणाली, "तुम्ही खा ना बाबा, मला तुम्हाला खाताना बघू द्या."

हे कसलं बोलणं? खुनच्या मुलीनेही हेच म्हटलं असेल.

मग जुन्या देवळात नेलं. गर्दी, धूर, पर्यटक. मी कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडाचे तुकडे छातीशी धरले, देवाला नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, आणि विचारलं, मला काही रोग आहे का जो ही पोरं लपवतायत? एक उताणा, एक पालथा पडला तर हो. तुकडे टाकले. नाही. पुन्हा टाकले. नाही. तिसऱ्यांदाही नाही.

जीव भांड्यात पडला. दाराबाहेर आल्यावर लक्षात आलं की मी गावचा पत्ता सांगितला. देवाने गावच्या घरात बघितलं असेल. मी तिथे नाही, म्हणून नाही म्हणाला. परत आत जाणार होतो, पण आ-छिंग अजून गुडघ्यावर बसलेली होती. तिचेही तुकडे पडत होते. ती पुन्हा पुन्हा उचलत होती. मी मोजले नाहीत, पण एवढ्या वेळा विचारू नये, देव वैतागतो. मी तिला तसं म्हटलं.

"काय विचारत होतीस एवढं?"

"दुकानाचं, बाबा."

उठताना तिने माझा खांदा धरला. मीच म्हातारा, आणि मलाच धरून उठते.

१७ मार्च, सोमवार

रक्तदाब १५०.

राजवाड्याच्या संग्रहालयात गेलो. लोक जमिनीवरचे डोंगर सोडून काचेतला दगड बघायला येतात. एक हिरव्या-पांढऱ्या दगडाची कोबी आहे, तिच्यावर नाकतोडा बसलाय. शेजारी डुकराच्या मांसाचा तुकडा, तोही दगडाचा, चरबीसकट. भूक लागली.

"ही कोबी राणीच्या रुखवतात आली होती म्हणे," आ-छिंग म्हणाली.

"रुखवतात कोबी? माहेरचे गरीब होते वाटतं."

ती हसली. खूप दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. मग म्हणाली, "माझं रुखवत राहिलंच ना बाबा."

मी म्हटलं, आता तो विषय नको. तिच्यासाठी दोन स्थळं आणली होती मी, तिने दोन्ही मोडली. एक तर बर्फाच्या कारखान्याचा मालक होता. पण आता या वयात भांडून काय करायचं.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर ती तीनदा बसली. मी पंचाहत्तर वर्षांचा, मी बसलो नाही. तिला म्हटलं, दिवसभर चष्मे विकून पायाची ताकद गेली तुझी, गावी ये, चिखलात चाल. ती म्हणाली, "येईन हं."

बाहेर तिने बैलाच्या मांसाच्या शेवयांचं नावाजलेलं दुकान दाखवलं आणि लगेच जीभ चावली. आमच्या घरात बैल खात नाहीत. जो आपली गाडी भरतीच्या आधी समुद्रातून बाहेर आणतो, त्याला खायचं कसं? आम्ही डुकराचं मांस आणि भात खाल्ला. दगडाच्या तुकड्यासारखाच दिसत होता.

संध्याकाळी आ-पिनला फोन केला, बैल नीट आहे का विचारायला.

"जेवला बाबा. तुमच्यापेक्षा जास्त. तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला काय झालंय?"

"काही नाही हो, सहज. ताईला द्या."

ताई फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. माझ्याविषयी बोलायचं असेल तेव्हाच दार लावतात.

१८ मार्च, मंगळवार

आ-छिंगने मला मोठ्या दवाखान्यात नेलं. "आला आहात तर एकदा सगळं तपासून घेऊ, म्हणजे मला काळजी नाही." झालं. मला ठाऊकच होतं.

तिला दवाखान्याचे सगळे रस्ते पाठ. कुठली लिफ्ट, कुठला मजला, एकदाही विचारलं नाही. एका वळणावर नर्स समोर आली आणि तिला आडनावाने हाक मारत म्हणाली, "अय्या, हुंगताई, आज कशा? तुमचा तर गुरुवार ना?" आ-छिंगने तिला डोळ्याने काहीतरी खुणावलं आणि म्हणाली, "वडील आहेत माझे." नर्सने वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली.

म्हणजे मी यायच्या आधीपासून ही दर गुरुवारी इथे येऊन माझ्याबद्दल डॉक्टरांशी बोलते आहे.

डॉक्टर पोरगेलासा. सगळं बघितलं, कागद उलटसुलट केले, म्हणाला, "आजोबा, हृदय छान आहे. पोट छान आहे. मीठ कमी करा, वीस वर्षं काढाल."

खुनलासुद्धा असंच छान म्हणायचे.

खाली येऊन आ-छिंगने माझा हात घट्ट धरला. तिच्या हातावर निळे-काळे डाग. काय ग हे, म्हटलं, तर म्हणाली दुकानात कपाटाला लागलं. ती फार खुश होती. खरंच खुश. "बाबा, तुम्ही ठणठणीत आहात." मी हो म्हटलं. मुलं एवढं नाटक करतायत तर त्यांचं मन कशाला मोडा.

२० मार्च, गुरुवार

रक्तदाब १५८. एकदा उजव्या हाताचा, एकदा डाव्या हाताचा. डाव्याचा कमी आला पण मी जास्तीचा लिहितो.

आ-छिंग सकाळी दुकानात गेली म्हणून सांगितलं. आज गुरुवार.

य्वेशाने मला बाजारात नेलं. तिथे कालवांचं आम्लेट खाल्लं. कालवं पाण्यात भिजवून फुगवलेली. मी दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही खायला आलात की तपासायला?" य्वेशा म्हणाली, "त्यांचा जन्म कालवांत गेलाय, गप्प बस आणि अजून एक कर." बाई तोंडाची फटकळ पण बरी आहे.

परत येताना तिने देवाच्या नावाने कागदी पुडीत बांधलेली राख विकत घेतली. कुणाला, म्हटलं. म्हणाली, पाण्यात घालून पितात, घरात असू द्यावी.

आ-छिंग दुपारनंतर आली. तोंड राखेसारखं. मोरीत गेली आणि बराच वेळ पाणी सोडून आत राहिली. पाण्याच्या आवाजातूनही उलटीचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर मी सांगितलं, बाहेरचं खाणं सोड, शहरातली कालवं असलीच, फुगवलेली. म्हणाली, "हो बाबा, सोडते."

माझ्या रोगाची बातमी ऐकून तिची ही अवस्था होते. वाईट वाटलं. पोरगी तशी मायेची आहे.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहायला हात तयार नाही, पण लिहितो.

सकाळी ती म्हणाली, समुद्र बघायला जाऊ. नदीच्या मुखापलीकडच्या डोंगरावर गाडी केली. य्वेशाही होती, पण ती सारखी खिडकीबाहेर बघत होती. वर पोचलो तर मोठी इमारत, देवळासारखी, मजल्यावर मजले. आत भिंतीभर छोट्या दारांचे कप्पे. प्रत्येकावर फोटो आणि नाव. हाडांची राख ठेवायची जागा.

काळा कोट आणि पांढरे हातमोजे घातलेली मुलगी पुढे आली, वाकली, आणि आ-छिंगला म्हणाली, "तुम्हाला खुर्ची देऊ का?" म्हातारा मी, आणि खुर्ची तिला.

ती मुलगी सांगत होती की डोळ्यांच्या रेषेतले कप्पे लोक आधी घेतात, वरच्या ओळीसाठी नातेवाइकांना मान वर करावी लागते.

आ-छिंग म्हणाली, "वरचा चालेल. सारखं बघायला कोण येणार आहे. फक्त समुद्राकडची भिंत हवी."

म्हणजे मी मेल्यावर ही बघायलासुद्धा येणार नाही, आणि माझ्यासमोर बोलते.

मी तिथेच आवाज चढवला. म्हटलं, "मला जागा आहे. गावात आहे, तुझ्या आईशेजारी. तिला पुरलं तेव्हाच शेजारची माझी म्हणून दगड लावलाय. घरात पूर्वजांच्या देव्हाऱ्यात माझ्या बापाचं नाव आहे, आजोबांचं आहे, माझंही लागेल, आ-पिन धूप लावेल. मी काय बिनवारशाचा आहे, या फडताळात राहायला?"

हातमोजेवाली मुलगी तोंड उघडून बघत राहिली. काही बोलणार होती. आ-छिंगने तिला हाताने थांबवलं.

"ठाऊक आहे बाबा," ती म्हणाली. "तुमची जागा आईशेजारीच आहे."

"मग हे काय?"

"समुद्र बघायला आणलं तुम्हाला. चला, बघू."

बाहेर कठड्याशी उभं राहिलो. खाली पाणी, करडं, वारा फार. तिने टोपी दोन्ही हातांनी धरली होती.

"हा आपलाच समुद्र ना बाबा? गावचाच?"

"पाणी तेच," मी म्हटलं, रागातच. "पण इथे कालवं होत नाहीत. खडक आहे. चिखल लागतो."

ती म्हणाली, "पाणी तेच आहे ना, बास."

य्वेशा गाडीत जाऊन बसली आणि रडत होती. हिला काय झालं? बाप माझ्या लेकीचा मरणार, हिचा नाही.

२३ मार्च, रविवार

जेवलो नाही. आ-छिंगने दाराशी भात आणि मुरवलेल्या काकड्या ठेवल्या. दुपारी उचललं, भात गरम करून परत ठेवलं. मग खाल्लं. उपाशीपोटी रक्तदाबाची गोळी घेऊ नये म्हणतात.

आ-पिनला फोन करून खडसावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, ताई म्हणेल तसं होऊ द्या. तिच्या मनासारखं होऊ द्या या वेळी."

"म्हणजे तूही त्यात आहेस."

"हो बाबा. मीही त्यात आहे." आणि त्याचा आवाज गेला.

माझा मुलगा मी मेल्यावर रडेल हे कळलं, एवढंच समाधान.

२५ मार्च, मंगळवार

रक्तदाब १६०.

आ-छिंगने आज काहीच दाखवायला नेलं नाही. खालच्या बागेत बाकावर बसलो. तिने माझी नखं कापली. लहानपणी मी तिची कापायचो, कालवांच्या शिंपल्यांनी बोटं फाटलेली असायची तिची. तिला तेही आठवतं. म्हणाली, "आ-बान आत्याची काही आठवण आहे का तुम्हाला?"

आ-बान माझी मोठी बहीण. सतराव्या वर्षी भरतीत सापडली. लग्न झालं नव्हतं, म्हणून घराच्या देव्हाऱ्यात तिचं नाव लागलं नाही. लागत नाही. मुलगी नवऱ्याच्या घरच्या देव्हाऱ्यात जाते, घर नसेल तर कुठेच नाही. तिच्या धुपाचं भांडं मागच्या पडवीत, कालवं फोडायच्या जागी ठेवलं होतं. आई सणाच्या दिवशी तिथे उंबऱ्याबाहेर भात ठेवायची, घरातल्यांना कळू न देता. आई गेल्यावर ते भांडं कुठे गेलं कोण जाणे.

मी हे सगळं सांगितलं. ती नखं कापत राहिली.

"पडवीत थंडी असेल ना," ती म्हणाली.

"मेलेल्याला काय थंडी," मी म्हटलं. "रीत ती रीत. घरातल्या पोरांना त्रास होतो नाहीतर."

"हो. पोरांना त्रास नको."

२७ मार्च, गुरुवार

आज गुरुवार. ती गेल्यावर मी य्वेशाला स्वयंपाकघरात अडवलं. ती हाडांचं सूप लावत होती.

म्हटलं, "तू परकी आहेस, तू खोटं बोलायची गरज नाही. मला सांग, मला किती दिवस आहेत?"

"काका, काय बोलताय?"

"मला ठाऊक आहे सगळं. दवाखाना, डोंगरावरचा कप्पा, फोन. मी रडणार नाही. बैलाची सोय लावायची आहे, एवढंच."

तिने गॅस बंद केला. माझ्याकडे बघत राहिली, मग खुर्चीत बसली आणि हसायला लागली. ते हसणं नव्हतं.

"काका, तुम्हाला काही झालेलं नाही. डॉक्टर खरं बोलले. तुम्ही कसे हो असे. ती समोर वाळत चाललीय आणि तुम्ही रोज आपला रक्तदाब घेताय."

मग तिने सांगितलं. पोटात आहे. शरद ऋतूत कळलं. कापलं, पण सगळं निघालं नाही. दर गुरुवारी औषध चढवतात, तेही आता बंद करणार, उपयोग नाही. आ-पिनला ठाऊक आहे. मलाच सांगितलं नाही, कारण माझं वय, माझा रक्तदाब.

"तिला तुम्हाला एकदा पोटभर खाऊ घालायचं होतं, फिरवायचं होतं. आणि तुमची तपासणी. तुम्ही नीट आहात हे बघून मग. आणि ती जागा तुमच्यासाठी नव्हती. ती..."

"कळलं," मी म्हटलं.

देवाला पत्ता बरोबरच कळला होता. मी त्याला माझ्याविषयी विचारलं, त्याने माझ्याविषयी उत्तर दिलं.

य्वेशाला म्हटलं, मला कळलं हे तिला सांगू नकोस. ती म्हणाली, "तुमच्या घरात सगळेच असे."

२८ मार्च

रक्तदाब घेतला नाही.

तिने सकाळी विचारलं, "बाबा, आज आकडा नाही?" म्हटलं, यंत्र बिघडलंय.

३० मार्च, रविवार

खाली जाऊन बागेतून आ-पिनला फोन केला. म्हटलं, मला सगळं कळलंय. तो लहान मुलासारखा रडला. मी रडू दिलं, मग विचारलं, "घरात तिचं नाव लावता येईल का? देव्हाऱ्यात. मी घरचा मोठा आहे. मी म्हणतो म्हणून लाव."

त्याने नाक पुसलं. "मी तिला म्हटलं होतं बाबा. हिवाळ्यात. सूनबाई घाबरते, खोटं कशाला बोलू, पोरीचं लग्न ठरायचंय. पण मी म्हटलं, मी करतो. ताईच नको म्हणाली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबांनी आयुष्यभर सांगितलंय, रीत ती रीत. आता माझ्यासाठी ती मोडली आणि घरात कुणाला काही झालं, तर बाबा ते माझ्या नावावर लिहितील. मला तिथे बसून ते ऐकायचं नाही."

तिचं बरोबर आहे. मला कळतंय की मी लिहिलं असतं. नातवाला ताप आला असता तरी मी देव्हाऱ्याकडे बघितलं असतं. आज मी कितीही म्हटलं, लाव नाव, तरी मी तसाच माणूस आहे. तिने मला नीट ओळखलंय.

दुपारी तिने भाताची पेज केली. तिने तीन चमचे खाल्ले. मी तिला काही म्हटलं नाही. ती त्या दिवशी म्हणाली होती तेच करून बघितलं, तिला खाताना नुसतं बघितलं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी म्हटलं, "मला पुन्हा तो समुद्र दाखव."

"इतका वारा आहे बाबा तिथे."

"असू दे. मोजे घातलेत नवे."

य्वेशाने गाडी केली. डोंगरावर तीच हातमोजेवाली मुलगी. मला बघून ती जरा मागे सरकली. मी तिला म्हटलं, घाबरू नको, आज ओरडत नाही. आणि आ-छिंगला खुर्ची आणायला लावली.

मग मी बोललो. गाडीत पाठ करून ठेवलं होतं.

"त्या दिवशीचं मी डोक्यात घोळवलं. तू म्हणतेस ते ठीक आहे. मला इथे ठेव."

"बाबा, ते तुमच्यासाठी..."

"मला बोलू दे. गावातल्या जमिनीत चिखल फार, हाडं ओली राहतात, मला संधिवात आहे. इथे कोरडं आहे. पण एक आहे, मी परक्यांमध्ये एकटा राहणार नाही. या सगळ्या फोटोंत माझ्या ओळखीचा एक माणूस नाही. सगळे शहरातले, माझ्याशी बोलणारसुद्धा नाहीत. तेव्हा दोन घ्यायचे, शेजारी शेजारी. एक मला. एक तुझा असू दे. तू कधी म्हातारी होशील तेव्हा."

हातमोजेवाली मुलगी खाली बघायला लागली.

आ-छिंगने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "य्वेशाने सांगितलं."

"ती मला काय सांगणार? ती नुसती सूप करते."

"बाबा."

"वरची ओळ नको. माझी मान दुखते. आ-पिन येईल, नातवंडं येतील, त्यांनी माझ्यासाठी धूप आणला की तुझ्याही नाकाला लागेलच. मला लावायचा आणि शेजारच्याला नाही, असं काय कुणी करत नाही."

ती उठली, कठड्याशी गेली. मी मागून गेलो. वारा तसाच. तिने टोपी धरली नव्हती, मग हाताने काढूनच टाकली. डोक्यावर एक केस नाही. जन्मली तेव्हा अशीच होती. दाईने माझ्या हातात दिली तेव्हा मी म्हटलं होतं, हिला केसच नाहीत, हिचं लग्न कोण करणार, आणि माझी आई मला ओरडली होती.

"आईचं काय?" तिने विचारलं. "तिच्याशेजारी दगड लावलाय ना तुम्ही."

"आईला मी सांगतो. ते तुझं काम नाही."

परत येताना ती भूक लागली म्हणाली. रस्त्यावर माशांच्या गोळ्यांचं सूप मिळालं. तिने एक गोळी खाल्ली आणि दुसरी अर्धी. उरलेली अर्धी मी खाल्ली.

५ एप्रिल, शनिवार. गावी

थडगी झाडायच्या सणाला दोन दिवसांसाठी आलो. तिला आणता येत नव्हतं.

बैल बरा आहे. मला बघून मान हलवली.

सगळे गेल्यावर बायकोच्या थडग्याशी एकटा थांबलो. गवत उपटलं, कालवांच्या शिंपल्या पसरल्या, हिला आवडायची तशी पांढरी वाट केली. शेजारच्या माझ्या दगडावरचंही गवत उपटलं. मग हिला सांगितलं. म्हटलं, तुला इथे आ-पिन आहे, सून आहे, नातवंडं आहेत. घरात तुझं नाव आहे, तुझा धूप एक दिवस चुकणार नाही. तिला तिकडे कुणी नाही. मी तिच्याकडे जातो.

कौलाचे तुकडे नव्हते, दोन नाणी होती. टाकली. नाही म्हणाली. मी तिथेच बसलो, पुन्हा सगळं सांगितलं, बर्फाच्या कारखान्यापासून. टाकली. नाही म्हणाली. जिवंत असतानाही पहिल्या दोनदा नाहीच म्हणायची.

तेव्हा लक्षात आलं की मी तिला नीट विचारलं नाही. उठून उभा राहिलो. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आणि पत्ता सांगितला, तैपेई, चष्म्याच्या दुकानामागची गल्ली, चौथा मजला, लेकीचं घर.

नाणी टाकली. या वेळी हो म्हणाली.

उद्या सकाळच्या गाडीने परत जातो. कालवं नेत नाही, तिला वास सोसत नाही.